थंडीआधीचं गवत: अमेरिकेतल्या लॉनपासून आपल्या बाजरीपर्यंत

हे आपल्या गवताच्या एपिसोडचं लिखित रूप. ऐकताना नावं आणि सालं निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवतोय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

तर विषय गवत. हसू नका. माझी टीम अर्धी पुण्यात, अर्धी ओहायोत. दर सप्टेंबरात कॉल सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत तिकडची मंडळी एकच विषय काढतात: लॉनमध्ये बी टाकून झालं का? उगवण कशी आहे? पानं गोळा केलीत का? आपल्याकडे जूनमध्ये पेरण्या झाल्या का असं विचारतात, अगदी त्याच सुरात. फरक इतकाच, की यातून खायला काहीच मिळत नाही. मग हा एवढा जीव कशासाठी टाकायचा, आणि थंडीच्या तोंडावर पेरायचं ही उलटी कल्पना आली कुठून, हे मी शोधायला लागलो. शोधता शोधता जॉर्जिया राज्यातल्या एका शास्त्रज्ञापाशी पोचलो आणि तिथून थेट नगर-बीडच्या बाजरीत. थोडा धीर धरा, तिथे येतोच.

आधी पेरणीचं गणित. अमेरिकेच्या उत्तरेकडे लॉनसाठी जी गवतं लावतात, म्हणजे केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास, ती थंड हवेची. उन्हाळ्यात ती दमतात, वसंतात आणि शरदात फुलतात. नवीन बी टाकायची उत्तम वेळ ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य. उन्हाळाभर तापलेली जमीन अजून उबदार असते, त्यामुळे बी पटकन रुजतं. हवा मात्र गार व्हायला लागलेली असते, त्यामुळे कोवळं रोप करपत नाही. आणि क्रॅबग्राससारखं उन्हाळी तण पहिल्या कडाक्याच्या थंडीत आपोआप मरतं, म्हणजे स्पर्धा कमी. सोप्या भाषेत सांगायचं तर ही त्यांची रब्बी आहे.

पण यात डेडलाइन असते. रायग्रास पाच ते दहा दिवसांत वर येतं. ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं, आणि तोवर लोक रोज सकाळी वाकून वाकून बघत असतात. पाणी थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, फक्त वरचा थर ओला राहील इतकंच. धो धो पाणी सोडलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं आणि मग तिथे जंगल आणि बाकी टक्कल. उगवल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी करायच्या आणि पाणी खोल जाऊ द्यायचं, म्हणजे मुळंही खाली जातात. पहिली कापणी गवत दोन-तीन इंच झाल्यावर, तीही धारदार पात्याने. बोथट पातं कोवळं रोप कापत नाही, उपटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडांची पडलेली पानं उचलत राहायची. मेपलच्या ओल्या पानांचा थर बसला की खालचं रोप ऊन न मिळाल्यामुळे गुदमरतं.

थंडी पडायच्या आत गवताला दोन गोष्टी साधायच्या असतात. एक, मुळं इतकी खोल जायला हवीत की माती गोठली तरी रोप जागेवर राहील. मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ मुळांची रोपं अक्षरशः वर ढकलली जातात. दुसरं, मूळ आणि खोड जिथे जुळतं त्या जमिनीलगतच्या गाठीत साखर साठवायची. बर्फाखाली रोप जगतं ते त्या साठ्यावर. उशिरा पेरलं तर साठाच होत नाही. आणि हिमकण पडलेल्या गवतावर सकाळी चालायचं नाही, कारण गोठलेल्या पेशी बुटाखाली फुटतात आणि दुपारी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. वेण्णा लेकला हिमकण बघायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता इतिहास. घरासमोर कापलेलं गवत ठेवणं ही मुळात श्रीमंतीची जाहिरात होती. इंग्लंड-फ्रान्समधल्या सरदारांच्या वाड्यांपुढे हिरवळ असायची, कारण जमीन असूनही तिच्यात काही पिकवायची गरज नाही हे तिथून दिसायचं. कापायचं काम मजुरांचं, लांब दांड्याच्या विळ्याने, तेही पहाटे दव असताना, कारण ओलं गवत नीट कापलं जातं. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने लॉनमोअरचं पेटंट घेतलं. त्याने पाहिलं होतं लोकरी कापडावरची लव कातरायचं गिरणीतलं यंत्र. तीच फिरती पाती त्याने गवतावर आणली. इचलकरंजीत बसून एखाद्याने मागाच्या सुट्या भागांतून शेतीचं अवजार काढावं, तसला हा जुगाड. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत आवडता माणूस हाच.

मशीन आलं आणि मध्यमवर्गाला हिरवळ परवडायला लागली. १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाचं उपनगर आखलं. घरं रस्त्यापासून मागे सरकवलेली, मध्ये उंच भिंती नाहीत, सगळ्यांचं अंगण मिळून एक बाग दिसेल अशी रचना. अमेरिकन कॉलनीचं आजचं चित्र तिथून घडत गेलं. कुंपण नाही याचा दुसरा अर्थ शेजाऱ्याचं गवत आता तुमचा विषय आणि तुमचं गवत शेजाऱ्याचा. पहिल्या महायुद्धात १९१८ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. माळ्यांचं मनुष्यबळ वाचलं आणि लोकरीच्या लिलावातून रेड क्रॉसला ५०,००० डॉलरहून जास्त मिळाले. गवताचा इतका थेट उपयोग अमेरिकन लॉनच्या इतिहासात पुढे फारसा दिसत नाही.

खरा स्फोट झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, त्यांत सूत्रकृमीची कीड शिरली होती आणि शेतकरी जमीन विकायला तयार होते. लेविट आणि मुलगे या बिल्डर कंपनीने तिथे १९४७ पासून कारखान्यासारखी घरं उभी करायला सुरुवात केली. १९५१ पर्यंत १७,००० पेक्षा जास्त घरं. हेच लेविटटाउन. युद्धावरून परतलेल्या सैनिकांची तरुण कुटुंबं, छोटं घर, आणि प्रत्येक घरासमोर पेरून दिलेलं गवत. बापलेकांपैकी बाप, एब्राहम लेविट, बागकामाचा नादिष्ट. तो स्थानिक वर्तमानपत्रात लॉनची काळजी कशी घ्यावी यावर लिहायचा. आणि नुसतं लिहून थांबला नाही. करारातच कलम होतं की १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर दर आठवड्याला एकदा तरी गवत कापलं पाहिजे. नाही कापलं तर कंपनीचा माणूस येऊन कापणार आणि बिल तुम्हाला. सोसायटीच्या ग्रुपवर बाल्कनीत कपडे वाळत घालण्यावरून जी भांडणं होतात, त्याचे हे पूर्वज. कपड्यांबद्दलही नियम होतेच, बाहेर कायमची दोरी बांधायची नाही.

त्याच करारात आणखी एक कलम होतं. हे घर गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं कोर्टामार्फत लागू करता येणार नाहीत असा निकाल दिला, तरी लेविटने काळ्या कुटुंबांना घरं विकली नाहीत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं मुलांसह एका आधीच्या मालकाकडून घर घेऊन राहायला आलं. घराबाहेर जमाव जमायला लागला, दगड पडले, खिडक्या फुटल्या. आठवडे चाललं हे. शेवटी राज्य सरकारला कोर्टात जाऊन त्रास देणाऱ्यांवर मनाई हुकूम आणावा लागला. ज्या वस्तीत दोन आठवडे गवत वाढलं तर माणूस येऊन कापायचा, तिथे शेजाऱ्याच्या खिडकीवरचा दगड थांबवायला इतका वेळ लागला. सारखं दिसणारं गवत आणि सारखी दिसणारी माणसं, हे दोन वेगळे हट्ट नव्हते असं मला वाटतं.

याच काळात क्लोव्हरची गंमत झाली. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचं, पांढऱ्या फुलांचं, मेथी-लसूणघासाच्या कुळातलं रोप. युद्धाआधी लॉनच्या बियांच्या मिश्रणात ते मुद्दाम घालायचे, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. फुकटचं खत. मग १९४५ च्या सुमारास टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची रोपं मारतं आणि गवताला सोडतं. क्लोव्हर रुंद पानाचं, त्यामुळे तेही मरायला लागलं. औषध बदलण्यापेक्षा व्याख्या बदलणं सोपं होतं: क्लोव्हर हे तण आहे असं ठरलं. आता नायट्रोजन देणारं रोप गेलं, म्हणजे खत विकत आणणं आलं. आणि युद्धात स्फोटकांसाठी अमोनिया बनवणारे कारखाने तेव्हा नवं गिऱ्हाईक शोधतच होते. आमच्या धंद्यात याला म्हणतात, बग नाही, फीचर आहे.

हे झालं उत्तरेचं. दक्षिणेची गोष्ट वेगळी आणि आपल्याला जवळची.

जॉर्जिया, अलाबामा, टेक्सस इथला उन्हाळा ब्लूग्रासला झेपत नाही. तिथे चालतं बर्म्युडा ग्रास. नाव बर्म्युडाचं, पण तिथलं मूळ नव्हे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आणि मंडळी, सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दुर्वा. फुलोरा पाहिलाय का तिचा? हाताची बोटं फाकवल्यासारखा दिसतो. डॅक्टिलॉनचा अर्थही बोटच.

एकाच गवताची दोन नावं आणि दोन नशिबं आपल्याकडेही आहेतच. देव्हाऱ्यात ती दुर्वा, एकवीसची जुडी. शेतात ती हरळी, आणि तिच्यासारखं चिवट तण नाही. वरून कापली तर फरक पडत नाही, जमिनीत तिच्या काशा पसरलेल्या असतात. कुळव घातला तर एका काशीचे दहा तुकडे होतात आणि दहाही फुटतात. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा उन्हात तापू द्यायच्या आणि वेचून बांधावर जाळायच्या. जॉर्जियाचे कापूस पिकवणारे शेतकरीही तिला नेमक्या अशाच शिव्या द्यायचे. अठराव्या शतकात तिकडे पोचलेलं हे गवत कापसाच्या रानात घुसलं की काढता काढता पिढी जायची.

१९३६ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने जॉर्जियातल्या टिफ्टन नावाच्या छोट्या गावातल्या संशोधन केंद्रावर एका तरुणाला पाठवलं. ग्लेन बर्टन, वय २६, नुकतीच पीएचडी झालेली. काम काय, तर गुरांसाठी चांगलं चराऊ गवत शोधा. कापसाने जमिनी चोपलेल्या, महामंदी चालू, गुरं खंगलेली. बर्टनने निवडली हरळी. म्हणजे ज्या तणाला सगळा जिल्हा शिव्या देतो, त्याचंच पीक करायचं. त्याने वेगवेगळ्या हरळींचा संकर केला, ५,००० रोपं शेतात लावली आणि त्यांतून एक उचललं. १९४३ मध्ये ते कोस्टल बर्म्युडा या नावाने बाहेर आलं. उंच, भरपूर चारा देणारं, दुष्काळात टिकणारं. पुढे दक्षिणेत लाखो एकरांवर ते पसरलं.

मग गोल्फवाले त्याच्या दारात आले. साध्या हरळीचं पान जाड आणि खरखरीत, त्यावर चेंडू नीट धावत नाही. बर्टनने आफ्रिकेतल्या एका नाजूक पानाच्या हरळीशी तिचे संकर काढले. १९५६ मध्ये टिफग्रीन, १९६० मध्ये टिफवे, म्हणजे मैदानवाल्यांच्या तोंडी असलेलं ४१९. टिफवे तर योगायोगाने सापडलं. १९५४ मध्ये जोहान्सबर्गहून बियांचं एक पाकीट आलं होतं, त्यात आपोआप झालेला संकर निघाला. हे संकरित गवत वांझ असतं. बी धरत नाही. ते पसरवायचं तर तुकडे लावायचे, म्हणजे हरळी ज्या गुणामुळे शेतकऱ्याला नकोशी होती तोच गुण इथे कामाचा ठरला. त्यामुळे जगात जिथे जिथे खरं टिफवे आहे, ते सगळं त्या एका रोपाची कॉपी-पेस्ट आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थंडी. हरळी मरत नाही, पण पारा उतरला की झोपते आणि गवत पेंढ्याच्या रंगाचं होतं. दक्षिणेतल्या गोल्फ कोर्सना हे परवडत नाही, कारण त्यांचा हंगामच थंडीत. म्हणून दर शरदात तिथे एक विचित्र पेरणी होते. जिवंत हरळीच्या डोक्यावर रायग्रासचं बी टाकतात. पहिल्या कडाक्याच्या दोन ते चार आठवडे आधी. घरच्या लॉनला १,००० चौरस फुटांमागे ५ ते १० पौंड बी, म्हणजे ज्वारी-बाजरी पेरणाऱ्याला चक्कर येईल इतकं दाट.

यात कसरत अशी की वेळ साधावी लागते. लवकर पेरलं तर हरळी अजून जागी असते आणि कोवळ्या रोपांना दाबून टाकते. उशीर केला तर थंडी रोपांना दाबते. पेरायच्या आधी हरळी अगदी खाली कापायची, उभ्या पात्यांनी तिची गादी चिरायची, म्हणजे बी मातीपर्यंत पोचतं. नायट्रोजन आधी द्यायचा नाही, दिला तर हरळीच खाते. रोपं वर आल्यावर द्यायचा. आणि हिवाळी तणासाठी उगवणीपूर्व तणनाशक मारलं असेल तर तुमचं महागडं बीही उगवत नाही, कारण तणनाशकाला तण कुठलं आणि पाहुणा कुठला ते कळत नाही. एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेत ऑगस्टा नॅशनलचं जे डोळे दिपवणारं हिरवं टीव्हीवर दिसतं, ते मुख्यतः हे ऑक्टोबरच्या आगेमागे सांभाळून वाढवलेलं रायग्रास. क्लब उन्हाळाभर बंदच असतो. हरळी खाली निजलेली असते. वसंतात मग उलटी अडचण येते. पाहुणा हटत नाही आणि घरमालकाला उन्ह मिळत नाही. मे महिन्यात रायग्रास हळूहळू मारावं लागतं.

दर वर्षी पेरायचं, दर वर्षी मारायचं. पाणी, खत, डिझेल, माणसं, सगळं एका रंगासाठी. मला यात बडिंगच्या यंत्राइतकी मजा येत नाही, पण कसब आहे हे नाकारता येत नाही.

पण बर्टन यापेक्षा मोठा माणूस होता. टिफ्टनच्या त्याच केंद्रावर तो दुसऱ्या एका गवतावर काम करत होता. तेही उन्हाळी, तेही मूळचं आफ्रिकेतलं, तेही जॉर्जियात गुरांच्या चाऱ्यासाठीच. इंग्रजीत पर्ल मिलेट. आपण म्हणतो बाजरी.

बाजरीचा संकर करणं हाताने जवळपास अशक्य. कणसात शेकडो बारीक फुलं, प्रत्येकात स्त्री आणि पुरुष भाग दोन्ही. एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढत बसलात तर एका एकराचं बी होईपर्यंत म्हातारे व्हाल. उपाय एकच: अशी बाजरी शोधा जिचा पराग मुळातच वांझ आहे. मग ती शेजारी लावलेल्या दुसऱ्या वाणाच्या परागावर फळते आणि मिळणारं प्रत्येक बी संकरित असतं. बर्टनने १९५८ मध्ये अशी नरवंध्य बाजरी जाहीर केली. त्यातून तयार झालेल्या मातृवाणाचं नाव टिफ्ट २३-ए.

हे बी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दिलबाग सिंग अठवाल यांनी टिफ्ट २३-ए ही आई घेतली, एक देशी वाण बाप म्हणून घेतला, आणि १९६५ मध्ये एचबी-१ हा भारतातला पहिला संकरित बाजरीचा वाण आला. पाठोपाठ एचबी-३ वगैरे. हायब्रीड हा शब्द खेड्यांत शिरला तो याच काळात, संकरित ज्वारी आणि बाजरीबरोबर. आधी पोती भरली म्हणून कौतुकाने, मग भाकरीला चव नाही म्हणून नाक मुरडून. आजही आपल्याकडे म्हातारी माणसं ‘हायब्रीड पिढी’ म्हणतात ते आपल्यालाच.

आकडे बघा. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे ८० लाख टन बाजरी झाली. पाच वर्षांपूर्वी ती याच्या निम्म्याच्या आसपास होती. अर्थात १९६५-६६ हे दुष्काळाचं साल आणि १९७०-७१ हे चांगल्या पावसाचं, त्यामुळे सगळं श्रेय बियाण्याला देणं म्हणजे लॅपटॉप बदलला त्याच दिवशी इंटरनेट फास्ट झालं आणि स्पीडचं श्रेय लॅपटॉपला दिलं, तसं होईल. पण उडी खरी होती.

आणि मग ते कोसळलं. या सगळ्या सुरुवातीच्या संकरित वाणांची आई एकच होती, टिफ्ट २३-ए किंवा तिच्याच कुळातली. बाप बदलत होते, आई तीच. ती जॉर्जियात चाऱ्यासाठी घडलेली. आपल्याकडच्या केवडा रोगापुढे ती टिकणारी नव्हती. आपल्याकडे याला गोसावीही म्हणतात. रोगट कणसात दाणे भरायच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, जटा वाढल्यासारखा. त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पूर्वी शेताशेतात वेगवेगळं घरचं बी असायचं, रोगाला प्रत्येक शेतात नवी कुलपं लागायची. आता मैलोन् मैल एकच कुलूप होतं, आणि चावी सापडली. १९७१ पासून साथ पसरली आणि एकामागून एक एचबी वाण बाद झाले. महाराष्ट्रात याच काळात, १९७२ मध्ये, तो दुष्काळ पडला ज्याच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्यात. कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसांच्या ताटात एरवी बाजरीची भाकरी असायची, आणि त्या बाजरीवर एका बाजूने आभाळ रुसलेलं आणि दुसऱ्या बाजूने गोसावी.

गंमत नाही, पण योगायोग बघा. १९७० मध्ये अमेरिकेत मक्याचं हेच झालं. तिथल्या बहुतेक संकरित मक्याचा पेशीद्रव एकाच प्रकारचा होता, त्यावर बुरशी आली आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. श्रीमंत देशाला विमा, कोठारं, दुसरं पीक. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि तो पहिल्याच वर्षी शिकवतात. पण बर्टनला किंवा अठवालांना व्हिलन करणं मला पटत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न होता उपाशी माणसांचा, आणि हाताशी नरवंध्य आई तेव्हा एकच होती. नंतर ती बदलायची तर दुसऱ्या शोधाव्या लागल्या, आणि त्या शोधल्या गेल्या.

त्यानंतरचं काम कमी झगमगीत आणि जास्त टिकाऊ आहे. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था सुरू झाली. कोरडवाहू पिकं हाच तिचा विषय. आफ्रिकेतून, गावोगावच्या शेतांतून बाजरीचं बी गोळा झालं, वेगवेगळ्या आया तयार झाल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने श्रद्धा आणि सबुरी हे संकरित वाण दिले. नावं कुठून आली हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. टोगो देशातल्या बाजरीतून निवडलेला एक वाण १९८० च्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रात आला आणि त्यातूनच पुढे लोह जास्त असलेली धनशक्ती निघाली. ती संकरित नाही, त्यामुळे शेतकरी घरचं बी राखून ठेवू शकतो.

बर्टन २००५ मध्ये वारला, ९५ व्या वर्षी. त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं होतं. गोल्फवाले त्याला टिफवेसाठी ओळखतात. आपल्याकडच्या बाजरीच्या शेतात त्याचं नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, आणि टिफवेवर चेंडू मारणाऱ्याला बाजरी माहीत असण्याचं कारण नाही. दोन्ही गवतं एकाच गावातल्या एकाच केंद्रावरून निघाली, एक दर ऑक्टोबरात रायग्रासखाली निजतं, आणि दुसरं तोवर आपल्याकडे काढून, मळून, पोत्यात भरलेलं असतं.

तुमच्या घरात कुणी १९७० च्या आसपास एचबी बाजरी पेरली असेल तर आजोबा-आजींना विचारा: पहिलं पोतं कुणी आणलं, गोसावी आला तेव्हा शेतात काय केलं, घरचं जुनं बी कुणाकडे शिल्लक होतं का. दोन-तीन मिनिटांची व्हॉइस नोट चालेल, गावाचं नाव आणि साल सांगा. पुढच्या एपिसोडात त्या ऐकू. विषय असेल १९७२ चा दुष्काळ आणि सुकडी.